फुलांची फाईन आर्ट फोटोग्राफी : नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

रविवारी सकाळी फुलबाजारात कॅमेरा घेऊन दिसलो की कोणीतरी गाठतंच, आणि प्रश्न साधारण तेच असतात. दर वेळी तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहून टाकलंय. मी काही मोठा आर्टिस्ट नाही, नोकरी सांभाळून गेली काही वर्षं इंदिरानगरच्या टू बीएचकेत एका खिडकीशी बसून फुलांचे फोटो काढतो, तेवढाच माझा अधिकार.

फुलाचा फोटो आणि फाईन आर्ट फोटो, फरक काय? की नुसतं भारी नाव?

नुसतं भारी नाव पण असतं बरेचदा, खोटं कशाला बोला. पण फरक आहे. सकाळी फॅमिली ग्रुपवर येतो तो दवबिंदूवाला गुलाब फक्त सांगतो की हा गुलाब आहे आणि तो सुंदर आहे, आणि हे आपल्याला आधीच माहिती असतं. फाईन आर्टमध्ये फूल निमित्त असतं, खरा विषय म्हणजे त्याचा आकार, त्याच्यावर पडलेला उजेड, देठाचा बाक, पाकळीची सुरकुती.

मी एक टेस्ट करतो, फोटो उलटा करून बघायचा. उलटा करूनही बघावासा वाटला तर काहीतरी जमलंय, नाहीतर आपण फक्त फूल छान होतं म्हणून खूश झालोय.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला, त्यात मिरची आहे हे कळायला क्षणभर लागतं, आधी पिळदार शरीर दिसतं. बाजारातली मिरची हो! कार्ल ब्लॉसफेल्ट म्हणून बर्लिनमध्ये एक शिक्षक होते, त्यांनी घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने नेच्याचे कोंब, कळ्या, काटे, रानगवत असलं काहीबाही तीस पटीपर्यंत मोठं करून टिपलं, तेही कशासाठी तर विद्यार्थ्यांना डिझाइन शिकवायला. १९२८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते आणि तेव्हा कुठे लोकांना कळलं की ही कला आहे. त्यामुळे उशीर झाला का असं विचारू नका.

कॅमेरा कुठला घेऊ? मोबाईलवर होईल का?

मोबाईलवर होईल. फक्त मोबाईलचा मॅक्रो मोड फुलाच्या अगदी नाकाशी नेतो आणि मग मोबाईलचीच सावली फुलावर पडते, त्यापेक्षा थोडं लांब राहून टेलीने (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने) काढा आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो पाकळीच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या करतो.

कॅमेरा असेल तर ९० ते १०५ एमएमची मॅक्रो लेन्स सगळ्यात सोयीची. पैसे नसतील तर जुन्या ५० एमएमला एक्सटेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी पोकळ नळी) लावा, माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी ट्रायपॉडवर करा.

फुलं कुठून आणता?

हा माझा आवडता प्रश्न. सराफ बाजाराजवळच्या फुलबाजारात पहाटे जा, उजाडायच्या आत. त्या वेळी करंड्या उतरत असतात, शेवंती, झेंडू, निशिगंध, गुलाब, आणि तुम्हाला किलोभर नको असतो, तुम्हाला हवं असतं एक फूल, तेही वाकड्या देठाचं. सुरुवातीला माझ्याकडे वेड्यासारखं बघायच्या मावशी. "पूजेला का?" "नाही हो मावशी, फोटोला." "मग हे सडकं कशाला घेतोस, चांगलं घे की!" आता त्या स्वतःच वेडंवाकडं काही आलं की बाजूला काढून ठेवतात, आणि पैसे घेत नाहीत, मग मी उगाच एक हार घेतो.

शेजारच्या काकूंची बाग हा दुसरा सोर्स, पण विचारून. सकाळी देवाच्या फुलांची वेळ असते तेव्हा अजिबात मधे पडायचं नाही. आणि हो, फुलाइतकंच बाकीचं बघा, शेवग्याची शेंग, भोपळ्याचा वेल, कोबी उभा चिरल्यावर आत जे दिसतं ते, तुरीची फुलं, कांद्याचं बी धरलेलं बोंड (आपल्या जिल्ह्यात कांद्याला काय तोटा!). तो कांद्याचा पांढरा गोल गेंद काळ्या कापडापुढे ठेवून बघा एकदा.

मुघलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, आजही दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीकडे गुलाबाची पॉलीहाऊसं आहेत. कोणी शेतकरी ओळखीचा असेल तर ढगाळ नसलेल्या दिवशीही पॉलीहाऊसमध्ये जाऊन बघा, वरचं दुधी प्लास्टिक म्हणजे एकराएवढा सॉफ्टबॉक्स, सावली कुठेच कडक पडत नाही. फक्त माल तोडणीची वेळ सोडून जा आणि कळीवर जाळीची टोपी घातलेली असते ती काढू नका. खरं तर ती टोपीवाली कळीच जास्त इंटरेस्टिंग दिसते.

घरी स्टुडिओ नाहीये, मग?

मलाही नाही. उत्तरेकडची खिडकी असेल तर बेस्ट, दिवसभर उजेड सारखा राहतो. माझी पूर्वेची आहे म्हणून सकाळी नऊपर्यंत मी तिथे ट्रेसिंग पेपर चिकटवतो, बटर पेपरही चालतो. खिडकीच्या बाजूला फूल, विरुद्ध बाजूला पांढरा थर्माकोल, मागे काळं मखमल. काळं कार्डशीट वापरू नका, ते चमकतं आणि राखाडी दिसतं, मखमल उजेड गिळून टाकते. सुरुवातीला थर्माकोल लावून काढा, मग काढून टाकून तोच फोटो परत काढा. सावलीची बाजू पूर्ण काळी होऊ दिली की फूल एकदम गंभीर होतं.

उजेड समोरून नको. बाजूने किंवा मागून. मागून उजेड आला की पाकळीच्या शिरा दिसतात, जास्वंदाची पाकळी तर कागदी कंदिलासारखी पेटते. आणि पंखा बंद! हे सांगावं लागतं, कारण एप्रिलमध्ये नाशिकमध्ये पंखा बंद करायला मन होत नाही आणि मग लोक म्हणतात फोकस जातोय.

पूर्ण फूल शार्प येतच नाही. पुढची पाकळी आली की मागची जाते.

लेन्सचा दोष नाही, गणित आहे. १:१ मॅक्रोला, म्हणजे फूल सेन्सरवर जसंच्या तसं त्याच्या खऱ्या मापात पडतं तेव्हा, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ १६ ला सुद्धा जेमतेम दोन मिलिमीटरची खोली शार्प येते. एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं छिद्र, ॲपर्चर, लहान आणि शार्प खोली जास्त. मोगऱ्याची कळी त्याहून जाड असते. म्हणून लोक एफ २२, एफ ३२ करतात, तर तिकडे डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्याने, सगळंच मऊ होतं, कारण इतक्या जवळ गेल्यावर ॲपर्चर प्रत्यक्षात दुप्पट आकड्यासारखं वागतं, तुम्ही लावता एफ ११ आणि मिळतं एफ २२ सारखं.

मार्ग तीन. एक, थोडं मागे या आणि नंतर क्रॉप करा. दोन, फोकस स्टॅकिंग, एफ ८ ला फोकस थोडा थोडा सरकवत वीस-तीस फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे, पण त्यात फूल हललं की खेळ खल्लास, आणि फूल हलतंच, कापलेलं फूल पाणी पीत असतं, तासाभरात देठ उजेडाकडे वळतो. ट्यूलिप मिळाली तर बघा, कापल्यावरसुद्धा वाढते.

तिसरा मार्ग म्हणजे कशाला शार्प करायचं सगळं? एकच कड शार्प ठेवा, बाकी विरघळू द्या. पण मग ती कड कुठली हे तुम्हीच ठरवलं पाहिजे, कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसने नाही.

लाल गुलाब सपाट डागासारखा का येतो?

लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, जळतो. कॅमेरा एकूण उजेड बघून एक्स्पोजर ठरवतो, हिरवा-निळा कमी असतो म्हणून त्याला वाटतं अजून जागा आहे, आणि लाल केव्हाच भरून वाहिलेला असतो. झेंडूचंही तेच, दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात केशरी ढीग बघून लोक फोटो काढतात आणि घरी येऊन बघतात तर केशरी चिखल. हिस्टोग्राम (उजेड किती भरला ते दाखवणारा आलेख) साधा नको, तिन्ही रंगांचा लावा, रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढा आणि एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड ठेवा. पांढऱ्याचं नेमकं उलटं, मोगरा-अनंत-निशिगंध काढताना कॅमेरा घाबरून फूल राखाडी करतो, तिथे थोडं वाढवा, पण मागे काळं मखमल असेल तर पुन्हा कमी करा कारण मग तो काळ्याला घाबरतो. आणि मोगऱ्याला हात लावू नका, बोट लागलं तिथे तासाभरात तपकिरी होतो, चिमटा वापरा.

ब्लॅक अँड व्हाईट का? फुलाचा रंगच काढून टाकला तर राहिलं काय?

आकार राहिला. इमोजेन कनिंगहॅम ही अमेरिकेतली फोटोग्राफर, १९२०च्या दशकात घरात तीन लहान मुलं होती, बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून अंगणातली झाडंच काढायला लागली. तिचं १९२५ सालचं मॅग्नोलिया बघा, अख्ख्या फ्रेममध्ये एकच फूल, मधला दांडा आणि भोवती पाकळ्यांच्या छटा, रंग आठवतसुद्धा नाही. पुढे १९३२ मध्ये तिने, वेस्टनने आणि अँसेल ॲडम्स वगैरेंनी मिळून एफ ६४ नावाचा ग्रुप काढला, सगळं काही कडक शार्प पाहिजे असा त्यांचा हट्ट.

मला विचाराल तर पांढरी फुलं ब्लॅक अँड व्हाईटमध्ये, लाल फुलं रंगीत. झेंडू ब्लॅक अँड व्हाईटमध्ये करून बघितला, बिस्किटासारखा दिसतो.

तुम्ही सुकलेली फुलं का काढता? अपशकुनी वाटत नाही का?

हे आई पण विचारते. माझं म्हणणं असं की ताजं फूल सगळ्यांचं सारखंच असतं, डझनातला प्रत्येक गुलाब दुसऱ्यासारखा, पण सुकतं प्रत्येक फूल आपापल्या पद्धतीने. निशिगंध खालून वर तपकिरी होत जातो, गुलाबाची बाहेरची पाकळी आधी चामड्यासारखी होते, शेवंती मान टाकते पण पाकळ्या सोडत नाही, आणि जरबेरा अचानक, रात्री ताठ होता आणि सकाळी देठातून मोडलेला. कमळाचं तर फूल गेल्यावर जे राहतं, ते भोकाभोकाचं बोंड, तेच मला फुलाहून जास्त आवडतं.

आयर्विंग पेनने १९६७ ते १९७३ व्होग या फॅशन मासिकासाठी दरवर्षी एकेक फूल धरून मालिका केली, पॉपी, ट्यूलिप, गुलाब असं. त्यालाही डाग पडलेली, कडा जळालेली, उतरणीला लागलेली फुलंच जास्त आवडायची. फॅशनचा एवढा मोठा फोटोग्राफर आणि फूल मात्र पिकलेलं निवडतो.

एक काम करा. एकच फूल आणा, दहा रुपयाचं. एका बाटलीत ठेवा, जागा हलवायची नाही, ट्रायपॉड हलवायचा नाही. रोज सकाळी त्याच वेळी एक फोटो, पाकळ्या गळेपर्यंत. पहिल्या तीन दिवशी वाटेल काय वेडेपणा आहे, तेच तेच. साधारण पाचव्या दिवशी तुम्ही स्वतःहून वीस मिनिटं त्या फुलाकडे बघत बसाल आणि चहा गार होईल. मी शिकवायला बसलो तर एवढंच शिकवतो, बाकी सगळं यूट्यूबवर आहे.

आमच्याकडे ब्रह्मकमळ फुलतंय आज रात्री! कसं काढू?

पावसाळ्यात असे मेसेज येतात, आणि रात्री साडेदहाला. आधी एक, कुंडीतलं ते खरं हिमालयातलं ब्रह्मकमळ नाही, हे मेक्सिकोकडचं कॅक्टस आहे, पान लावलं तरी येतं. पण म्हणून सौंदर्य कमी होत नाही, ओवाळायचं असेल तर जरूर ओवाळा.

संध्याकाळी कळी वर उचलली जाते तेव्हाच ट्रायपॉड लावून ठेवा. फ्लॅश थेट नको, पांढरं फूल टाइल्ससारखं दिसतं. एक टेबललॅम्प मागून-बाजूने, त्याच्यापुढे बटर पेपर, घरातले बाकी दिवे बंद (दिव्यांचे रंग मिसळले की पाकळी एका बाजूने पिवळी आणि दुसरीने हिरवी येते), आणि सेकंद-दोन सेकंदाचं एक्स्पोजर. मध्यरात्रीच्या आसपास पूर्ण उमलतं. मग सगळे सेल्फी काढून झोपायला जातात. तुम्ही पहाटे पाचला परत उठा, ते मान टाकायला लागलेलं असतं, लांब देठ वाकलेला, पाकळ्या मिटत आलेल्या. माझा सगळ्यात चांगला फोटो त्या वेळचा आहे.

द्राक्षबागेत फाईन आर्ट होईल का?

आपल्याकडे होणार नाही तर कुठे होणार. सगळे पिकलेल्या घडामागे लागतात. त्यापेक्षा ऑक्टोबर छाटणीनंतर महिना-सव्वा महिन्याने फुलोऱ्यात जा. द्राक्षाचं फूल एवढंसं, हिरवं, त्याला पाकळ्या उमलतच नाहीत, वरची टोपी सुटून खाली पडते आणि आतले केसर मोकळे होतात. मॅक्रोशिवाय दिसतच नाही. छाटलेल्या काडीतून पाणी ठिबकतं तेही काढण्यासारखं असतं.

पण फुलोरा म्हणजे शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागलेला काळ, डाऊनी रोगाची भीती, फवारण्या चालू, ढग आले की झोप उडालेली. तेव्हा विचारून जायचं, फवारणीच्या दिवशी जायचं नाही, आणि घडाला बोट लावायचं नाही. तयार मण्यावर पांढरी लव असते ती बोटाने पुसली की परत येत नाही, फोटोही बिघडतो आणि मालही.

अंजनेरीला रानफुलं काढायला कधी जावं?

ऑगस्ट शेवट ते सप्टेंबर. तेरडा, सोनकी, कवळा, सीतेची आसवं. पठारावर धुकं असतं, म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स, फक्त लेन्स पुसायला दोन कोरडे रुमाल न्या.

तिथे सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदीलपुष्पाची जात आहे, अंजनेरीवरूनच नाव पडलंय, अत्यंत दुर्मिळ. दिसली तर नशीब समजा, फोटो काढा आणि जागा कोणाला सांगू नका. लोकेशन टॅग बंद. मागच्या वेळी एक ग्रुप बघितला, एका छोट्या फुलासाठी सहा जण पोटावर झोपलेले, आणि ज्यांच्यावर झोपलेले ती पण फुलंच होती. चांगल्या अँगलसाठी शेजारचं गवत उपटणारे पण बघितलेत, त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही, भाषा घसरेल. रानातलं फूल तोडून घरी आणून काढायचं नाही, संपला विषय.

फुलावर पाणी शिंपडू का?

नको.

कॅमेराच नसेल तर?

सायनोटाइप करा. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि लगेच पुढच्या वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्री शेवाळं थेट कागदावर ठेवून निळे प्रिंट काढायला सुरुवात केली, कॅमेरा नाहीच. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलीत, कमी उजेडात दोन्ही सारखी मिसळून जाड कागदावर ब्रशने लावा, अंधारात वाळवा. वर नेचा किंवा कढीपत्त्याची डहाळी, वर काच, आणि गच्चीत उन्हात. मार्चच्या दुपारी पाच ते दहा मिनिटं बास. मग साध्या पाण्यात धुवा. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका आणि ते फेरीसायनाइड ॲसिडजवळ न्यायचं नाही.

फूल उमलतानाचा टाइमलॅप्स कसा करायचा?

याच्यात तर आपला माणूस आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके, १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरून रोज एक फ्रेम असं महिनाभराहून जास्त शूट करत होते, त्यातून मिनिटभराची 'अंकुराची वाढ' झाली आणि ती दाखवून त्यांनी राजा हरिश्चंद्रसाठी पैसे उभे केले. पांडवलेणीखाली त्यांचं स्मारक आहे तिथे सगळे पिकनिकला जातात, पण ही वाटाण्याची गोष्ट फार कमी जणांना माहिती असते.

जास्वंदाची कळी पाच तासांत उमलते असं धरा. दहा सेकंदांचा व्हिडिओ, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५० फोटो, म्हणजे सव्वा मिनिटाला एक. पडदे बंद, एकच दिवा, सगळं मॅन्युअल. आणि घरात सांगून ठेवा की टेबलाला धक्का लावायचा नाही. माझ्याकडे चौथ्या तासाला कामवाल्या ताईंनी बिचाऱ्यांनी कुंडी पुसून जागेवर ठेवली, जरा सरळ करून.

प्रिंट कुठे, कसा काढायचा?

मॅट कॉटन कागदावर, पिगमेंट इंकने. ग्लॉसी कागदावर फूल कॅलेंडर वाटतं. ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) १२ बाय १८ इंचाला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आरामात पुरतो. लॅबला आधी विचारा कुठलं कलर प्रोफाईल (फाईलमधले रंग कसे वाचायचे ते सांगणारी सेटिंग) पाहिजे. मी एकदा न विचारता अडोबी आरजीबीत फाईल दिली आणि अनंताची पानं मेलेल्या रंगाची आली, लॅबवाल्याशी भांडलो, चूक निघाली माझी. आधी छोटा टेस्ट प्रिंट काढा आणि दिवसा, खिडकीत बघा.

विकले जातात का? आणि कोणी फोटो चोरला तर?

कधीकधी जातात, दवाखाने आणि नवीन फ्लॅटवाले घेतात. नोकरी सोडू नका. कॉपीराईट काढणाऱ्याचाच असतो, भारतात तो काढणाऱ्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं. पण कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो पैसे देणारा, म्हणून हॉटेलवाल्यांचं वगैरे काम घेताना दोन ओळी लिहून घ्या.

एवढी फुलं उरतात त्याचं काय करता?

गॅलरीत एक जुना माठ आहे, तळाला भोकं पाडलेला, त्यात सुकलेली फुलं आणि ओला कचरा, दोन-तीन महिन्यांत खत. गोदावरीत टाकत नाही. मखमलवर पडलेले परागकण मात्र जाता जात नाहीत, लिलीचे तर बिलकुल नाहीत, ओल्या फडक्याने पुसू नका, सेलोटेपने उचला. आणि फ्रिजमध्ये फुलं ठेवायची असतील तर केळी-सफरचंदाच्या शेजारी ठेवू नका, फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने लवकर मान टाकतात. आमच्याकडे भाजीचा खालचा कप्पा माझा, असं लेखी ठरलंय. तरी काल त्यात मेथी होती.